पाण्याशी फटकून वागणारी नळी

सुरतेच्या पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्या वाचकाने विचारलंय: ‘कार्बन नॅनोट्यूबची पूड टाकली की रंगाचं पाणी नितळ होतं, असं व्हिडिओत दाखवतात. खरं का?’

त्यांना यातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे. पॉलिएस्टरचा डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाही. डिस्पर्सिंग एजंट कमी पडलं की गुठळ्या होतात आणि कापडावर ठिपके उमटतात. ते नीट असलं की कण सुटे राहतात आणि जेट मशीनमध्ये १३० अंशांवर रंग धाग्यात मुरतो.

नॅनोट्यूबचंही तसंच. ही ग्रॅफाइटच्या पापुद्र्याची सुरळी; केसाहून हजारो पट बारीक. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चक्क कापरापासून बनवली. आरतीच्या कापराची ही करामत मला फार आवडते! पण कशापासूनही बनवा, तिच्या अंगावर पाण्याला धरायला जागाच नसते. नळ्या एकमेकींना बिलगतात. कितीही ढवळा, थोड्या वेळात तळाशी काळा गाळ.

मग तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल ३:१ प्रमाणात मिसळून त्यात नळ्या तापवतात. आम्ल त्यांची टोकं आणि कच्चे सांधे कुरतडतं, आणि तिथे कार्बॉक्सिल गट बसतात. पाण्यात हे गट हायड्रोजन आयन सोडून ऋणभारित होतात; आता नळ्या एकमेकींना ढकलतात. गाळाची काळीभोर शाई होते. आम्लात जास्त ठेवलं तर मात्र नळ्याच तुटतात.

आता व्हिडिओकडे वळू. अशा प्रयोगात बहुधा मिथिलीन ब्लू वापरतात. तो धनभारित, म्हणून ऋणभारित नळ्यांना झटकन चिकटतो. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र स्वतःच ऋणभारित. शिवाय त्या रंगाईत मीठ भरपूर, आणि मिठाने नळ्यांवरचा भार झाकला जातो. त्या पुन्हा गोळा होतात. पेलाभर पाण्यातल्या एका रंगावरून गिरणीच्या सांडपाण्याचा दावा करणं मला मुळीच पटत नाही. वापरलेली पूड पाण्यातून परत काढायची कशी, हेही व्हिडिओवाले सांगत नाहीत.

बनारस हिंदू विद्यापीठातल्या ओंकारनाथ श्रीवास्तव यांच्या गटाने अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी पूड न टाकता नळ्यांचाच एक पोकळ दंडगोल उभारला. पाणी त्याच्या भिंतीतून झिरपलं, नळ्या जागच्या जागी राहिल्या आणि जेमतेम २५-३० नॅनोमीटरचा पोलिओचा विषाणू त्या भिंतीत अडकला.