पिनकोड भागायचा खेळ

काल शेजारची चौथीतली मुलगी भागाकाराची वही घेऊन आली, तोंड पाडून. म्हटलं, "उदाहरणं राहू दे, आधी आपला पिनकोड लिही."

आमची सदाशिव पेठ, ४११०३०. अंकांची बेरीज ९. आता ४११०३० ला ९ ने भाग. उत्तर ४५६७०, बाकी शून्य! तिच्या मावशीचं कोथरूड, ४११०३८. बेरीज १७, भागून बाकी १२. (पेठेला आणखी एक अभिमान मिळाला, म्हणजे झालंच.)

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला 'हर्षद' म्हणतात, हर्ष देणारी. हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं. ते फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीत शाळामास्तर. त्यांची प्रसिद्ध ६१७४ ही संख्याही हर्षदच: बेरीज १८, भागाकार ३४३.

मोठ्या मुलांसाठी हेच बीजगणितात. दोन अंकी संख्या १०अ + ब. तिचे तुकडे करा: (अ + ब) + ९अ. पहिल्या तुकड्याला अ + ब ने भाग जातोच. म्हणजे फक्त ९अ तपासायचं.

२४ घ्या: १८ ला ६ ने भाग जातो, हर्षद. २५ घ्या: १८ ला ७ ने भागून बाकी ४. आणि २५ ला ७ ने भागलं तरी बाकी ४च! मला स्वतःला ही गंमत शाळेत कुणी दाखवली नव्हती.

तुमचा पिनकोड हर्षद निघाला का? बाकी किती उरली ते कळवा. तीन अंकी संख्येचे असेच तुकडे करताना अडलात तरी विचारा.