आधी सर्व्हलेट, मग स्प्रिंग बूट

जावा शिकणाऱ्याला पहिलं वेब ॲप्लिकेशन करायला सांगितलं की आज तो थेट स्प्रिंग बूटकडे वळतो. एका संकेतस्थळावर चार पर्याय निवडायचे, तयार सांगाडा झिप फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, त्यात पाचसहा ओळी घालायच्या आणि रन करायचं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट 8080 टाकलं की पडद्यावर ‘नमस्कार’ उमटतो. कामाची सोय म्हणून हे उत्तमच. शिकण्याचा क्रम म्हणून मात्र मला ते उलटं वाटतं. पहिलं ॲप्लिकेशन टॉमकॅट स्वतः बसवून, साध्या सर्व्हलेटवर करावं आणि फ्रेमवर्ककडे त्यानंतर जावं. नमस्कार उमटला तरी तो कुठून आला हे या विद्यार्थ्याला सांगता येत नाही, आणि पहिली एरर आली की नेमकं तेच नडतं.

मुळात वेब ॲप्लिकेशन म्हणजे वाट पाहत बसणारा प्रोग्रॅम. साधा जावा प्रोग्रॅम सुरू होतो, काम उरकतो आणि संपतो. हा संपत नाही. ब्राउझर त्याच्याकडे मजकुराच्या काही ओळी पाठवतो: कोणता पत्ता हवा, गेट की पोस्ट, सोबत कोणती माहिती आहे. उत्तरादाखल सर्व्हर आधी 200 किंवा 404 असा एक आकडा पाठवतो, मग मजकुराचा प्रकार आणि शेवटी प्रत्यक्ष मजकूर. एचटीटीपी म्हणतात ते एवढंच. पूर्वीच्या सीजीआय पद्धतीत दर विनंतीसाठी सहसा एक नवी प्रोसेस उभी करावी लागे. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेला सर्व्हलेट एकदा मेमरीत आला की तिथेच राहतो आणि प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडवर हाताळतो. सनमधल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सर्व्हलेट चालवणारा जो सर्व्हर लिहिला, तो 1999मध्ये अपाचेकडे सोपवला गेला. तोच आजचा टॉमकॅट.

प्रत्यक्ष काम फार नाही. जेडीके बसवायचं, टॉमकॅट उतरवून घेऊन उलगडायचा आणि त्याच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये आपल्या ॲप्लिकेशनचं फोल्डर करायचं. त्यात वेब-इन्फ, आणि वेब-इन्फमध्ये क्लासेस. एचटीटीपीसर्व्हलेटपासून वारसा घेणारा एक क्लास लिहायचा, त्यात डूगेट ही मेथड, आणि क्लासच्या डोक्यावर पत्ता सांगणारं ॲनोटेशन. टॉमकॅटच्या लिब फोल्डरमधली सर्व्हलेटची जार फाइल सोबत देऊन कंपाईल करायचं, तयार फाइल क्लासेसमध्ये ठेवायची आणि सर्व्हर सुरू करायचा. आता मराठी विद्यार्थ्याने ‘नमस्कार’ देवनागरीत छापून पाहावा. टॉमकॅट 9मध्ये कॅरॅक्टर सेट सांगितला नसेल तर ब्राउझरमध्ये सात प्रश्नचिन्हं दिसतात. उत्तराचा मजकूर आयएसओ-8859-1 या युरोपीय संकेतात पाठवायचा, असा सर्व्हलेटचा मूळ नियम आहे आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. प्रश्नचिन्हं सात, कारण युनिकोडमध्ये ‘स्का’मधला हलन्त आणि काना यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. उत्तर लिहिणारा रायटर मागण्याआधी मजकुराचा प्रकार आणि यूटीएफ-8 सांगणारी एक ओळ घातली की अक्षरं येतात. तीच ओळ रायटर मागितल्यानंतर लिहिली तर यूटीएफ-8चा उपयोग होत नाही.

स्प्रिंग बूट हे सारं परस्पर सांभाळून घेतं, मग ही उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. पण अक्षरांचा हा घोळ फक्त पानापुरता नसतो. डेटाबेसच्या तक्त्यात, निर्यात केलेल्या फाइलमध्ये, ईमेलमध्ये तो पुन्हा भेटतो आणि तिथे दर वेळी फ्रेमवर्क धावून येत नाही. दुसरा घोळ त्याहून वाईट. टॉमकॅट सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट करतो आणि सगळ्या विनंत्या त्याच्यातूनच जातात. फॉर्ममधून आलेलं नाव डूगेटच्या आत न ठेवता क्लासच्या पातळीवरच्या चलात ठेवलं, की एकाच क्षणी आलेल्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं नाव दिसू शकतं. घरच्या संगणकावर एकट्याने तपासताना ही चूक सापडतच नाही. आणि इथे स्प्रिंगही वाचवत नाही, कारण वेगळं सांगितलं नाही तर विनंत्या हाताळणारा त्याचा कंट्रोलरही एकच असतो. दोन थ्रेड एका चलावर कसे आदळतात, हे ज्याने तीस ओळींच्या सर्व्हलेटमध्ये पाहिलं आहे, त्याला कंट्रोलरमधली तीच चूक लवकर ओळखू येते.

नोकरीच्या बाजारात सर्व्हलेट कोण विचारतो, हा आक्षेप खरा आहे. 2014मध्ये स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती आली आणि कामाची पद्धत पालटली. पण त्याच्या नेहमीच्या मांडणीत विनंती आधी डिस्पॅचरसर्व्हलेटकडे येते. तोही एक सर्व्हलेटच, आणि पोटात टॉमकॅट असतो. जुन्या पाठांमुळे गोंधळ होतो, ही तक्रार जास्त वजनदार आहे. सर्व्हलेट ज्याचा भाग आहे ते जावा ईई, सनचा वारसा घेतलेल्या ओरॅकलने 2017मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं. जावाएक्स हे पॅकेजचं नाव तिथे पुढे वापरता येईना, म्हणून 2020मध्ये ते जकार्ता झालं. टॉमकॅट 9 जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट 10 नवं. जुन्या जार फाइलवर कंपाईल केलेला, ॲनोटेशनवर विसंबलेला सर्व्हलेट टॉमकॅट 10मध्ये टाकला तर तक्रारीचा शब्दही न निघता नुसता 404 येतो. नवशिक्याचे दोन दिवस खायला एवढं पुरेसं आहे. तेव्हा पाठ उघडल्याबरोबर इम्पोर्टची पहिली ओळ पाहावी आणि त्यानुसार टॉमकॅट निवडावा. स्प्रिंग बूट धरल्याने हा बदल चुकत नाही. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीनेही हेच नाव बदललं.

मात्र सर्व्हलेटवरच तळ ठोकू नये. जावाच्या अवतरणचिन्हांत एचटीएमएल कोंबत जाणं दोन पानांनंतर असह्य होतं, आणि डेटाबेसची जोडणी हाताने सांभाळण्यात तर शिकण्यापेक्षा झीजच जास्त. दोन सर्व्हलेट, एक फॉर्म आणि मुद्दाम आणलेल्या तीनचार एरर एवढं झालं की स्प्रिंग बूट उघडावं. ज्याने पीएचपीत किंवा पायथनमध्ये वेबचं काम आधीच केलेलं आहे, त्याने ही पायरी गाळली तरी बिघडत नाही.