सर्व्हर-आधारित संगणन : ग्रंथनिवड
सर्व्हर-आधारित संगणन म्हणजे मध्यवर्ती संगणकावर (सर्व्हरवर) कार्यक्रम चालवून वापरणाऱ्याच्या पडद्यावर केवळ त्यांचे दृश्य पाठविण्याची पद्धती. कळफलक व माऊस यांचे संकेत उलट दिशेने सर्व्हरकडे जातात. त्यामुळे अल्प क्षमतेच्या संगणकावरही काम भागते. मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्तीत दिली. २००९ मध्ये तिला ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ हे नाव मिळाले. म्हणून ग्रंथ निवडताना तो प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर आधारलेला आहे, हे प्रथम पाहावे.

जोडणी, परवाने, क्षमतेचे अनुमान व सुरक्षा या चारही विषयांचे विवेचन ग्रंथात असावे. जुन्या ग्रंथांतील तत्त्वे उपयुक्त राहतात. सुरक्षाविषयक सूचना मात्र घातक ठरू शकतात. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या ‘ब्लूकीप’ या दोषामुळे जुन्या विंडोज प्रणालींत परवलीच्या शब्दाविना शिरकाव शक्य होता. सर्व्हर आंतरजालावर थेट खुला ठेवण्यास सांगणारा ग्रंथ टाळावा.

कोंढा (जि. भंडारा) यांसारख्या गावातील ग्रंथालयाने मर्यादित निधीतून संगणक-जालकाच्या मूलतत्त्वांवरील एक ग्रंथ व प्रशासनावरील एक अद्ययावत ग्रंथ घ्यावा. पहिला दीर्घकाळ टिकतो. दुसरा प्रणालीबरोबर बदलावा लागतो.