एस्पेरार म्हणजे काय रे भाऊ?

जून महिना, युसूफ वडगाव, आजीची ओसरी. हातात मोबाइल, कानात हेडफोन आणि माझा जप चालू: एस्पेरार, एस्पेरार, एस्पेरार.

‘काय पेरणार, माय?’ आजी आतून ओरडली. ‘पाऊस कुठंय?’

झालं! स्पॅनिशच्या एका क्रियापदाने केज तालुक्याच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं.

स्पॅनिशचा फंडा तुम्हाला नव्याने सांगायला नको. जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा, वर बऱ्यापैकी लिहिलं तसंच वाचायचं, आपल्या मराठीसारखं. त्यामुळे सुरुवातीला जाम सोपी वाटते. मग एस्पेरार भेटतो. माझ्या फ्लॅशकार्डवर त्याचा एकच अर्थ होता, वाट बघणे. पुढे कळलं की आशा करणे आणि अपेक्षा ठेवणे यांनाही हाच शब्द. एकट्याच्या तीन ड्युट्या!

पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला हे महागात पडलं. क्लायंटचं मेल आलं: ‘एस्पेरामोस ला एन्त्रेगा एल बिएर्नेस.’ तिने अर्थ लावला, ते शुक्रवारी डिलिव्हरीची वाट बघतायत. बघतायत तर बघू देत, म्हणून टीम निवांत. क्लायंटला म्हणायचं होतं की शुक्रवारी डिलिव्हरी मिळणार असं आम्ही धरून चाललोय. सोमवारचा कॉन्फरन्स कॉल कसा झाला असेल, इमॅजिन करा.

मग ओळखायचं कसं? बरंचसं एका छोट्या ‘के’वर. ‘एस्पेरो एल त्रेन’ म्हणजे मी ट्रेनची वाट बघतेय. ‘एस्पेरो के येगे एल त्रेन’ म्हणजे ट्रेन येईल अशी आशा आहे. हा ‘के’ म्हणजे आपला ‘की’च समजा. तो आला की पुढचं क्रियापद रूप बदलतं, ‘येगा’चं ‘येगे’ होतं. गोष्ट अजून घडलेली नाही, घडेलच याची गॅरंटी नाही, हे त्या रूपातच आलं. (वेटिंग रूमला म्हणतात ‘साला दे एस्पेरा’. इथे साला म्हणजे खोली, गैरसमज नको.) बीडकरांना हा फरक वेगळा शिकवायची गरज नाही. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग मंजूर झाला 1995 मध्ये, नगर तेव्हा अहमदनगर होतं. बीडपर्यंत गाडी धावली 17 सप्टेंबर 2025 ला. मधली 30 वर्षं सगळी ‘के’वाली.

आजीला मी हे जमेल तसं समजावलं. ओसरीच्या कोपऱ्यात सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या रचलेल्या होत्या. मृग लागून आठवडा झाला होता, एक सर तेवढी पडून गेलेली. गावात काहींनी तेवढ्यावर पेरून टाकलं. काका थांबले होते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी बजावतं. घाई केली आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. आणि फार थांबलं तर उतारा कमी. ऑफिसात डेडलाइन पुढे ढकलता येते, इथे कोणाला मेल करणार?

‘तुझा काका वाट बघायलाय,’ आजी म्हणाली. ‘ज्यांनी पेरलं त्यायनी आस लावली. दोन्ही येगळं हाय, माय. एकाच शब्दात कसं भागतं त्या लोकायचं?’

मी म्हटलं, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आशा करणे असाच होता. आजीचं काही समाधान झालं नाही. माझंही.

संध्याकाळी काका शेतातून आले. मी त्यांना ‘एस्पेरो के युएवा’ शिकवलं, म्हणजे पाऊस पडेल अशी आशा आहे. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, हसले, आणि पिशव्यांवर प्लॅस्टिकचा कागद ओढला.

‘मग, उद्या पेरायचं का?’ आजीने विचारलं.

‘बघू,’ काका म्हणाले.