उसन्या किल्लीची सोय

पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, नकाशा पाहणे ही कामे आज ब्राउझर उघडताच होऊ शकतात. त्यांसाठी संगणकावर निराळे काही बसवावे लागतेच असे नाही. ही सोय अंगवळणी पडल्यामुळे तिच्यामागील धडा मात्र विस्मरणात जाण्याचा संभव आहे.

ब्राउझर हे मुळात मजकूर व चित्रे दाखविण्याचे साधन. त्यात हलती चित्रे वा संगणकावरील नेहमीच्या कार्यक्रमांचे सफाईदार व्यवहार आणावयाचे, तर जावा, फ्लॅश आणि २००७ पासून सिल्व्हरलाइट अशी ‘प्लग-इन’ बाहेरून जोडावी लागत. त्यांनी आपल्या काळी मोठे काम केले, हे नाकारता येणार नाही. परंतु प्रत्येकाची मालकी एकेका कंपनीकडे होती. त्यातील सुरक्षिततेची भगदाडे तिनेच बुजवावयाची आणि त्याचे आयुष्यही तिनेच ठरवावयाचे!

याचा परिणाम लवकरच दिसला. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशचा आधार काढून घेतला. ही घोषणा २०१७ मध्येच झाली होती. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही अर्ज फ्लॅशवरच अडकून राहिले आणि ते भरता यावेत म्हणून जानेवारी २०२१ मध्ये त्या खात्याला स्वतःचा ब्राउझर काढावा लागला. सरकारी कचेरीचे दार उसन्या किल्लीवर ठेवले, की दुसरे काय होणार?

प्लग-इनवाचून काम भागते, हे २००४ साली जीमेलने आणि २००५ साली गूगलच्या नकाशांनी दाखवून दिले होते. पुढे २०१४ मध्ये एचटीएमएल-५ आणि २०१९ मध्ये वेबअसेम्ब्ली ही सर्वांना खुली असलेली प्रमाणे मान्य झाली. मृत फ्लॅशमधील जुने खेळ व चित्रपटही इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने ‘रफल’ या कार्यक्रमाच्या साहाय्याने पुन्हा चालते केले आहेत, आणि रफल ब्राउझरमध्ये चालतो तो वेबअसेम्ब्लीच्याच आधाराने. मालकाने सोडलेले खुल्या प्रमाणाने सांभाळले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तथापि एवढ्याने निश्चिंत होणे योग्य नव्हे. बहुतेक ब्राउझर आज ब्लिंक, वेबकिट व गेको या तीनच यंत्रणांवर उभे आहेत. एखादा कार्यक्रम त्यांपैकी एकीवरच चालू लागला, तर जुनीच परवशता नव्या वेषात परत येईल. म्हणून शाळेने वा कचेरीने नवी प्रणाली घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा: ही कोणत्याही ब्राउझरमध्ये चालेल काय?