ऑटिस्टिक डॉक्टरला काळीज नसतं?

मालवण तालुक्यात कुणाला साप चावला की रुग्णालयात त्याच्यामागून निम्मी वाडी येते. "डॉक्टरांनू, बापूस वाचतलो मा?" यावर डॉक्टर नजर न मिळवता एवढंच म्हणाला, "वीस मिनिटं थांबा, मग सांगतो," तर वाडीचा निकाल ठरलेला: हुशार आसा, पण काळीज नाय.

खरं तर उत्तर चोख आहे. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस-फुरशाचं विष रक्तात भिनल्याचा तो पुरावा. त्याआधी दिलेला दिलासा म्हणजे अंदाजच. असा डॉक्टर ऑटिस्टिक असेलच असं नाही. पण असला, तर "काळीज नाय" हा शेरा त्याच्या वाट्याला फार लवकर येतो.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज हाच, की ऑटिझम म्हणजे भावनाशून्यता. काही माणसांना स्वतःला नेमकं काय वाटतंय, हे ओळखून शब्दांत सांगता येत नाही. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. ऑटिस्टिक व्यक्तींपैकी साधारण निम्म्यांमध्ये तो आढळतो, उरलेल्यांमध्ये नाही. आणि ऑटिझम नसलेल्या काही लोकांमध्येही असतो. भावना ओळखता न येणं वेगळं, भावनाच नसणं वेगळं. कित्येक ऑटिस्टिक माणसं तर उलटं सांगतात: दुसऱ्याचं दुःख इतकं अंगावर येतं की चेहरा थिजतो, आणि रडू येतं ते काही तासांनी, घरी. प्रतिविषाच्या कुप्या मोजताना हात स्थिर राहिला, म्हणून त्या माणसाला काहीच वाटलं नाही, असं कसं म्हणायचं? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचा चेहरा वाचता येत नाही, तसा इतरांनाही त्याचा.

मग "शिकून घेतलेली सहानुभूती खोटीच की!" असं कुणी म्हणेल. तसं असेल तर सगळेच डॉक्टर खोटे ठरतील. वाईट बातमी कशी सांगावी, याची सहा पायऱ्यांची 'स्पाइक्स' पद्धत 2000 सालापासून जगभर शिकवतात. आपल्याकडेही 2019पासून एमबीबीएसला वर्तन, नीती आणि संवाद यांचा वेगळा अभ्यास आहे. खुर्ची ओढून बसावं, आधी रुग्णाला किती माहीत आहे ते विचारावं, मग बोलावं, हे सगळ्यांनाच शिकावं लागतं.

"असे डॉक्टर असतात तरी कुठे?" असतात. आयर्लंडच्या भूलतज्ज्ञ डॉ. मेरी डोहर्टी यांनी 2019मध्ये ऑटिस्टिक डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटनाच काढली. अशा 225 डॉक्टरांच्या, 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 80 टक्क्यांना आपला एखादा सहकारी ऑटिस्टिक असावा असं वाटलं होतं. तसं नक्की माहीत असलेला सहकारी मात्र 22 टक्क्यांनाच भेटला होता. म्हणजे बाकीचे गप्प राहतात. याच पाहणीत तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा विचार आल्याचं सांगितलं. खरा धोका या डॉक्टरांनाच आहे, हे यावरून कळावं. (मालिकांमधला अचाट स्मरणशक्तीचा ऑटिस्टिक सर्जन हाही गैरसमजच. बहुतेक जण साधे, कष्टाळू डॉक्टर असतात.)

कायद्याचं म्हणाल, तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. 15 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं, की दिव्यांगत्वाच्या नुसत्या टक्केवारीवरून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. तो अभ्यास त्याला झेपेल का, हे दिव्यांगत्व मूल्यांकन मंडळाने तपासायला हवं. तो खटला वाचादोषाचा होता, पण कसोटी सर्वांनाच लागू पडते. मालवणच्याच जिल्ह्यातल्या ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यालाही.

नोकरीत वाजवी सोयी देणं हे याच कायद्याने सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. पाळी बदलताना रुग्णांची लेखी माहिती, ठरलेली पाळी, पाच मिनिटं टेकायला शांत खोली. यात फारसा खर्चही नाही. आणि अशा डॉक्टरसमोर बसलात, तर "कसासाच वाटता" एवढ्यावर थांबू नका. कुठे दुखतं, कधीपासून, आणि मनात भीती कसली आहे, ते सरळ सांगा. उत्तरही सरळ मिळेल.