मोटारसायकल उत्पादकाची बाजाररचना कशी ओळखावी : एक अध्यापनपर विवेचन

प्रस्तावना

ग्वाल्हेर शहराच्या ज्या भागात नया बाजार वसला आहे, त्या भागाला लष्कर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंदे यांच्या फौजेची छावणी तेथे पडली आणि छावणीचेच पुढे शहर झाले. तेथील मराठी घरांतील मुले ‘बाजार’ हा शब्द जसा वापरतात, तसाच तो पुण्यातील आणि मालेगावातील मुलेही वापरतात. बाजार म्हणजे दुकानांची रांग, गर्दी, घासाघीस आणि उधारी. अर्थशास्त्राच्या तासाला मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो आणि तेथूनच गोंधळास सुरुवात होते.

‘मोटारसायकल बनविणारी कंपनी कोणत्या बाजाररचनेत काम करते?’ हा प्रश्न कम्युनिटी कॉलेजातील वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारला, तर साधारणतः तीन उत्तरे येतात. शहरात शोरूम पुष्कळ आहेत, म्हणून काही जण ‘पूर्ण स्पर्धा’ लिहितात. मॉडेले, रंग आणि जाहिराती वेगवेगळ्या आहेत, म्हणून काही जण ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ लिहितात. एकेका कंपनीचे नाव फार मोठे आहे, म्हणून काही जण ‘मक्तेदारी’ लिहितात. तिन्ही उत्तरे चूक आहेत. पण प्रत्येकामागे काही निरीक्षण आहे. केवळ फुली मारून ‘अल्पाधिकार’ हा शब्द फळ्यावर लिहिल्याने ते निरीक्षण वाया जाते. उत्तरापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी जावे, हे बजाज ऑटो या पुण्याच्या कंपनीच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांची अडचण

प्रथम संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीतील ‘मक्ता’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आलेला असून त्याचा मूळ व्यवहार ठेक्याचा, सरकारने एखाद्यास दिलेल्या हक्काचा आहे. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी याच संकल्पनेला ‘इजारादारी’ म्हणतो. इजारा म्हणजेही ठेकाच. त्यामुळे ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ हे नाव ऐकले की दोन्ही विद्यार्थ्यांच्या मनात एकट्या ठेकेदाराचे चित्र उभे राहते. वस्तुतः या रचनेत विक्रेते पुष्कळ असतात, प्रवेश सोपा असतो आणि प्रत्येकाची वस्तू थोडी वेगळी असते. शिंपी, खानावळी, केशकर्तनालये ही तिची नेहमीची उदाहरणे होत. चेंबरलिन यांनी १९३३ साली ही संकल्पना मांडली, ती पूर्ण स्पर्धा आणि मक्तेदारी यांच्यामधील वास्तव दाखविण्यासाठी. अल्पाधिकारात मात्र विक्रेते इतके थोडे असतात की, एकाने केलेली हालचाल दुसऱ्याच्या धंद्याला जाणवते. फरक वस्तूच्या वेगळेपणात नाही, तर या परस्परावलंबनात आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविली पाहिजे.

पहिली पायरी : कोण मोजायचे?

एखाद्या शहरात दुचाकींची वीस शोरूम असली, तरी विक्रेते वीस ठरत नाहीत. वितरक हा उत्पादकाच्या कराराखाली काम करतो. गाडीचा मूळ दर आणि मॉडेल कंपनी ठरविते. म्हणून शोरूमच्या पाट्या नव्हे, तर पाट्यांवरील कंपन्यांची नावे मोजावीत. तशी मोजणी केल्यास यादी पटकन आटोपते : हीरो मोटोकॉर्प, होंडा, टीव्हीएस, बजाज, रॉयल एनफील्ड, यामाहा, सुझुकी आणि आणखी काही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारतात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी २२ लाख मोटारसायकली होत्या. दुचाकींच्या एकूण विक्रीतील ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा पहिल्या चार कंपन्यांकडे होता.

दुसरी पायरी : केंद्रीकरण मोजणे

पहिल्या चार संस्थांच्या वाट्यांची बेरीज हे सोपे माप आहे, पण ते अपुरे आहे. वर्गात पुढील काल्पनिक उदाहरण द्यावे. एका बाजारात पाच कंपन्या असून प्रत्येकीचा वाटा २० टक्के आहे. दुसऱ्या बाजारात एका कंपनीचा वाटा ६२ टक्के, तिघींचा प्रत्येकी ६ टक्के आणि उरलेल्या पाचांचा प्रत्येकी ४ टक्के आहे. दोन्हीकडे पहिल्या चौघींची बेरीज ८० च येते. मात्र प्रत्येक वाट्याचा वर्ग करून बेरीज केली, तर पहिल्या बाजारात २,००० आणि दुसऱ्यात ४,०३२ हा आकडा मिळतो. यालाच हरफिंडाल-हर्शमन निर्देशांक म्हणतात. पहिला बाजार बरोबरीच्या मोजक्यांचा आहे, तर दुसरा एका मोठ्याचा आणि अनेक छोट्यांचा. कॅल्क्युलेटर घेऊन दहा मिनिटांत होणारा हा सराव विद्यार्थ्यांना ‘थोडे विक्रेते’ या शब्दांचा नेमका अर्थ दाखवितो.

तिसरी पायरी : प्रवेशातील अडथळे

बजाज ऑटोचा इतिहास येथे उपयोगी पडतो. १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने ही संस्था स्थापन झाली. आरंभी ती परदेशी गाड्या आणून विकत असे. १९५९ साली तिला दुचाकी व तीनचाकी उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला आणि पुढे इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे स्कूटर तयार होऊ लागली. १९७२ साली ‘चेतक’ आली. त्या काळी स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

अनेक जण याचे वर्णन ‘बजाजची मक्तेदारी’ असे करतात. परंतु लखनौच्या सरकारी स्कूटर्स इंडियाची ‘विजय सुपर’ आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची ‘प्रिया’ याही गाड्या तेव्हा बाजारात होत्या. महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बजाजचीही भागीदारी होती, ही गोष्ट निराळी. तुटवड्याचे मुख्य कारण असे की, किती गाड्या बनवाव्यात हेही परवान्यानेच ठरत होते. अर्थात अडथळा कायद्याचा होता. ‘मक्ता’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे किती चपखल बसतो, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे.

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी सहकार्याला वाव मिळाला. हीरो होंडाची ‘सीडी १००’ १९८५ साली आली. बजाजने कावासाकीचा हात धरला. १९९१ च्या धोरणाने परवाना पद्धती बहुतांशी संपविली. मग अडथळे संपले काय? तसे झाले नाही. त्यांचे स्वरूप बदलले. कारखान्याचे भांडवल, संशोधन, देशभर वितरक आणि दुरुस्ती केंद्रे, सुट्या भागांचा पुरवठा, कर्जाची सोय आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज ६ हे प्रदूषण मानक या सर्वांचा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला, तरच परवडतो. त्यामुळे खानावळ उघडण्याइतके मोटारसायकल बनविणे सोपे नाही, आणि म्हणूनच ‘मक्तेदारीयुक्त स्पर्धा’ हे उत्तर टिकत नाही.

चौथी पायरी : परस्परावलंबन

ही निर्णायक पायरी होय. २००१ साली बजाजने ‘पल्सर’ आणून अधिक ताकदीच्या गाड्यांकडे तरुण ग्राहक वळविला. हीरो होंडाची ‘करिझ्मा’ आणि टीव्हीएसची ‘अपाचे’ त्यानंतरच्या काही वर्षांत आल्या. मार्च २०२३ मध्ये होंडाने ‘शाइन १००’ काढून हीरोच्या बालेकिल्ल्यात, म्हणजे शंभर सीसीच्या गाड्यांत, पाऊल टाकले. जुलै २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात हीरोने हार्ले-डेव्हिडसनसह ‘एक्स ४४०’ आणि बजाजने ट्रायम्फसह ‘स्पीड ४००’ बाजारात आणली. रॉयल एनफील्डचे वर्चस्व असलेल्या गटावर दोघांचा डोळा होता आणि दोघांच्या किमती एकमेकींच्या अगदी जवळ होत्या. प्रतिस्पर्ध्याकडे पाहून चाल ठरविणे ते हेच.

येथे एक सावधगिरी बाळगावी. किमती एकाच वेळी हलल्या म्हणजे परस्परावलंबन किंवा संगनमत सिद्ध झाले, असे नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि बहुतेक सर्वांच्या किमती एकदम उतरल्या. त्यामागे एक समान कारण होते. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हा धडा अर्थशास्त्रापुरता मर्यादित नाही.

पाचवी पायरी : बाजाराची हद्द

शेवटचा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही : बाजार कोणता? सर्व दुचाकी, सर्व मोटारसायकली, की केवळ मध्यम आकाराच्या महाग मोटारसायकली? हद्द आखली की वाटे बदलतात. शंभर सीसीच्या गटात हीरो मोठी, तर मध्यम वजनाच्या गाड्यांत रॉयल एनफील्ड इतकी मोठी की, तो गट एका वर्चस्वी संस्थेचा बाजार वाटतो. विजेवरील स्कूटर धरल्या, तर ओला आणि एथर ही नवी नावे यादीत येतात. बजाज सत्तरहून अधिक देशांना गाड्या पाठविते. तेथील प्रत्येक बाजारात तिचे स्थान वेगळे आहे.

स्पर्धा अधिनियम, २००२ यातही ‘संबंधित बाजार’ ठरविताना वस्तू आणि भौगोलिक क्षेत्र या दोन्हींचा विचार सांगितला आहे. या कायद्याची दृष्टीही ध्यानात घ्यावी. १९६९ च्या मक्तेदारी नियंत्रण कायद्याचा रोख मोठ्या आकारावर होता. नव्या कायद्यात मोठे असणे हा दोष नाही, वर्चस्वाचा गैरवापर हा दोष आहे.

विद्यार्थ्याला याचा उपयोग काय?

कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थी पदवीनंतर बहुधा शोरूम, गॅरेज, वित्तकंपनी किंवा चाकण-वाळूज पट्ट्यातील सुटे भाग बनविणारे कारखाने येथे कामाला लागतो. अशा लहान कारखान्याच्या बाजूने पाहिले, तर चित्र उलटे होते. येथे विक्रेते शेकडो आणि खरेदीदार मोजके. एका मोठ्या कंपनीने मागणी कमी केली की ओव्हरटाइम बंद होतो आणि कंत्राटी कामगार घरी बसतो. या रचनेला अल्पक्रेताधिकार म्हणतात. दर कोण ठरवितो, आपला मालक दर का वाढवू शकत नाही, हे ज्याला समजले, त्याला आपल्या पगाराचा हिशेबही अधिक चांगला समजेल.

समारोप

सारांश, बजाज ऑटोसारखी कंपनी भारतीय बाजारात भेदित वस्तूंच्या अल्पाधिकारात काम करते, असे म्हणणे योग्य ठरते. मात्र शिक्षकाने गुण द्यावयाचे ते या शब्दाला नव्हे, तर त्यामागील पाच प्रश्नांना : उत्पादक किती, वाटे कसे, प्रवेश किती अवघड, एकाच्या चालीचा दुसऱ्यावर परिणाम होतो काय, आणि बाजाराची हद्द कोणती. विद्यार्थ्यांना एक दिवस आपल्या गावच्या बाजारपेठेत पाठवावे. नया बाजार असो वा अन्य कोणताही. एका वहीत दुकाने, दुसऱ्या वहीत कंपन्या लिहून आणावयास सांगावे. पहिली वही भरून जाईल. दुसरीत जेमतेम एक पान लागेल. त्या दोन वह्या समोरासमोर ठेवल्या की अल्पाधिकाराची व्याख्या विद्यार्थी आपल्याच शब्दांत सांगू लागतील.